रुमालाखालचे हात

३ सप्टेंबर

आज पारसनं पियानोचे फोटो काढले. समोरून, बाजूनं, झाकण उघडून, झाकण मिटून. मुलगी दाखवायच्या वेळी काढतात तसे. मी विचारलं, "काय रे, स्थळ आलंय का?" तर म्हणाला, "मावशी, नुसता धूळ खातोय तो. कुणाच्या उपयोगी पडला तर बरं."

पियानो त्याच्या आईचा. आई तिथंच खुर्चीत बसलेली. डोळ्यांबरोबर तिचे कानही गेले असं या मुलाला वाटतं की काय कोण जाणे.

चंदना काही बोलली नाही. मधुमेहानं उन्हाळ्यात तिची उरलीसुरली नजर नेली, तेव्हापासून ती कशालाच काही बोलत नाही. पारस म्हणतो, नाताळाच्या सुट्टीत येऊन तिला बंगळुरूला नेणार, त्याच्या चौदाव्या मजल्यावर. तिथं एक खोली तिची. त्या खोलीत पियानो मावत नाही, हे तो टेपनं मोजून आलाय. इतका विचारी मुलगा!

घरी आले आणि ही वही काढली. टेलिफोन खात्यात होते तेव्हा माझ्या टेबलावर तक्रारवही असायची. निवृत्त झाले, वही सुटली. तक्रारी सुटल्या नाहीत.

५ सप्टेंबर

सकाळपासून डोक्यात सिस्टर बेनेडिक्टा.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आडनावानं हाक मारायची पद्धत होती. त्यामुळे चंदना म्हणजे शेटे आणि मी मगदूम. ती जयसिंगपूरच्या पेढीवाल्यांची, बोर्डिंगात राहायची. पुढं लग्न झालं, आडनाव बदललं, श्रीपालराव आले आणि गेलेही, पण ती माझी शेटे ती शेटेच. माझं आडनाव बदलायची कुणाची हिंमत झाली नाही.

सिस्टर आम्हाला पियानो शिकवायच्या. पट्ट्यांकडं बघायचं नाही, हा पहिला नियम. बघणारीच्या बोटांवर फूटपट्टी. तेवढ्यानं भागलं नाही की जेवणाच्या टेबलावरचा पांढरा रुमाल आणून दोन टोकं पियानोला टाचायच्या, आणि आमचे हात त्या रुमालाखाली. "हात देव बघतोय. तुम्ही बघायची गरज नाही." मी रुमालाखाली गेले की आंधळी कोशिंबीर सुरू. सिस्टर म्हणाल्या, "मगदूम, तुझे हात टाइपरायटरसाठी बरे आहेत." पुढं तेच खरं ठरलं, म्हणून मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

शेटेला मात्र रुमाल असला काय आणि नसला काय. नाताळासाठी सिस्टरनी स्वतः एक वॉल्ट्झ रचला होता, एक-दोन-तीनच्या ठेक्यावर नाचायची धून. त्यात डावा हात सारखा उड्या मारतो, खाली एक सूर, वर दोन, पुन्हा खाली, पुन्हा वर. शेटे तो रुमालाखाली वाजवायची आणि रुमाल हलायचासुद्धा नाही. सिस्टर गेल्या, त्यांचे कागद गेले. आता तो वॉल्ट्झ फक्त शेटेच्या हातांत आहे.

मग मला एवढंच सांगा, डोळे गेल्यानं तिचं काय अडलं? जी बाई दहाव्या वर्षापासून न बघता वाजवतेय, तिला डोळे नाहीत म्हणून पियानो विकायचा? हे म्हणजे केस पिकले म्हणून चपला फेकून द्यायच्या.

वीस डिसेंबरला शाळेत जुन्या विद्यार्थिनींचं संमेलन आहे. शेटे तिथं सिस्टरचा वॉल्ट्झ वाजवणार. अजून तिला सांगितलेलं नाही. वाजता पियानो कोण विकतो आणि वाजवणाऱ्या बाईला चौदाव्या मजल्यावर नेऊन कोण ठेवतो, ते बघू.

९ सप्टेंबर

शेटे गाऊनमध्ये बसली होती. सकाळचे अकरा आणि गाऊन! ती आयुष्यभर इरकलीशिवाय दारात उभी राहिली नाही. मी चांगलीच झाडली. तिचा स्वयंपाक करणारी अक्का मध्ये पडली, "बाईंस्नी साडी न्हाई झेपत आता. निऱ्या हातात ऱ्हाईनात, हुक लागंनात."

"आंधळ्या बायका साड्या नेसत नाहीत का अक्का?"

"नेसत असतील की. मी कुठं न्हाई म्हन्ली?"

चहा आला. स्टीलच्या पेल्यात, आधण जसंच्या तसं. मला पदरानंही धरवेना. शेटे दोन्ही हातांत पेला धरून शांतपणे बसली होती. तिला पहिल्यापासून कढत चहाच लागतो.

मग मी विषय काढला. ती म्हणाली, "नको गं मगदूम. हात राहिले नाहीत आता."

"हात जागेवर आहेत. मला दिसतायत."

ती हसली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. "बरं बाई," म्हणाली, "तुला दिसतायत तर असतील."

याला मी होकार समजते.

१७ सप्टेंबर

पियानोचं झाकण उघडलं. आतून नॅप्थलीन आणि जुन्या देवळाचा मिळून एक वास आला. शेटेला स्टुलावर बसवलं.

शेटेचा हात म्हणजे सायीवर ठेवलेला चमचा, असं सिस्टर म्हणायच्या. आज तिनं पट्ट्यांवर नारळ फोडले. एवढ्या जोरात की अक्का परातीसकट बाहेर आली. मी म्हटलं, "शेटे, पियानो बहिरा नाही." ती म्हणाली, "जोरात मारलं की जरा कळतं."

मी म्हटलं, रियाज सुटलाय, दुसरं काही नाही.

उजवा हात सुरू झाला आणि मला शाळेच्या फरशीचा गारवा आठवला. डावा हात पहिल्याच उडीला चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मग तिनं हात मांडीवर घेतले आणि तिसऱ्यांदा नाहीच म्हणाली. भीती. दुसरं काय?

आणखी एक वाईट खोड लागलीय तिला. वाजवताना डावं कोपर पियानोच्या बाजूच्या लाकडाला टेकवून बसते. सिस्टरनी बघितलं असतं तर कोपर सोलून काढलं असतं. मी सारखी ओरडत होते, "कोपर आत, शेटे! कोपर आत!"

१९ सप्टेंबर

उपाय सापडला. महाद्वार रोडवरून खड्यांच्या टिकल्यांचं पाकीट आणलं. मधल्या 'सी'च्या पट्टीवर एक आणि डावा हात उडी मारून माझ्या अंदाजानं जिथं पडायला हवा तिथं एक एक. खडा चांगला टोकदार आहे, झोपेतसुद्धा हाताला लागेल.

शेटे चाचपत राहिली. मी वाट बघतेय. शेवटी म्हणाली, "लावलीस का गं?"

"अगं, तुझं बोट तिच्यावरच आहे!"

"हो का," म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "हो, हो. लागली."

तरीही चुकली. माणसानं प्रयत्नच करायचा नाही असं ठरवलं की टिकल्या काय करणार?

२६ सप्टेंबर

तिला घेऊन महावीर उद्यानापर्यंत चालून आले. घरी येऊन बघते तर तिच्या एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठंतरी पडली आणि बाईसाहेबांना पत्ता नाही! मी मागं जाऊन शोधून आणली, नारळपाणीवाल्याच्या गाड्यापाशी होती. तो म्हणाला, "पावणं, त्या मावशींस्नी हाळी मारली हुती मी, पर तुमीच बोलत हुता."

वेंधळेपणाला हद्द असते. बोलले मी तिला. ती म्हणाली, "तुझं बोलणं ऐकण्यात लक्ष होतं." मी चप्पल तिच्या पायात सरकवली आणि बोलत राहिले.

८ ऑक्टोबर

नवीन माणूस आणलाय. जोतीराम. जन्मांध आहे. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, रविवारी चर्चमध्ये पियानो, आणि लग्नसराईत मिळेल ते. काळा गॉगल, जरीचं जाकीट, अत्तराचा असा भपका की तो येण्याआधी वास येऊन बसतो. मला वाटलं होतं, एका आंधळ्यानं दुसऱ्या आंधळ्याला धीर द्यावा. हा आला तो पहिल्यांदा पियानोलाच बोलला.

"मावशी, ह्यो पियानो हाय का मंडई? समद्या पट्ट्या बोंबलत्यात." मग बोटं फिरवली आणि दचकला. "आन् ह्ये काय? पियानोचं हळदीकुंकू घातलंय व्हय?"

मी टिकल्यांचं सांगितलं.

"आमास्नी असल्या खुणा लागत न्हाईत. दोन काळ्या, मग तीन काळ्या, मग परत दोन. ही माझी गल्ली हाय. गल्लीत ऱ्हाणाऱ्याला पाटी कशाला?"

"ऑर्केस्ट्रात भाषणंही तुम्हीच करता वाटतं?"

"करतो की. लाइट गेली की मीच सांभाळतो. बाकीच्यांस्नी दिसत न्हाई न्हवं."

शेटे मोठ्यानं हसली. मग त्यानं वाजवलं. बोलण्यात जितका उद्धट तितका वाजवण्यात हळुवार. वाजवताना तो पट्ट्यांच्या वरून बोटं अशी नेत होता, जसा आई झोपलेल्या पोराच्या तोंडावरून हात फिरवते. शेटे पुढं वाकून ऐकत होती. नंतर तिनं त्याला विचारलं, "हाताला सगळं कळतं का हो?"

"न कळायला काय झालं? डोळ्यांचं समदं काम बोटांवर आलंय. पगार मातर वाढला न्हाई."

यावर ती हसली नाही. विनोद तसा बरा होता.

१५ ऑक्टोबर

आजचा दिवस वाया. जोतीराम जाड कागद घेऊन आला होता, त्यावर ठिपके उठवलेले. त्यांचं संगीत असं लिहितात. एका हातानं वाचायचं, दुसऱ्यानं वाजवायचं, मग हात बदलायचे, आणि दोन्ही डोक्यात शिवायचे. मला पद्धत फार आवडली. मी शेटेचं बोट धरून ठिपक्यावर ठेवलं. ती भिंतीवरून फिरवावं तसं कागदावरून बोट फिरवत राहिली.

जोतीराम म्हणाला, "मावशी, जरा चहाचं बगा की." मी म्हटलं, अक्का बघेल. तो म्हणाला, "तुमच्या हातचा प्यायचाय."

चहा घेऊन आले. जोतीरामनं तिची बोटं आपल्या हातात धरली होती आणि एकेका बोटाचं टोक नखानं दाबत होता. मी पेले ठेवले तसा उठला. कागदाची गुंडाळी केली. चहाला हात लावला नाही.

दारात मला म्हणाला, "मी येत न्हाई आता."

"का? घाबरलात?"

"व्हय, घाबरलो."

"कशाला?"

"ते त्यांचं त्यांनी सांगावं. मला नगा लावू ह्या कामाला, मावशी. ऱ्हावू दे त्यांस्नी."

असले हे कलाकार. एक शिष्या जरा हळू शिकते तर पळाले. मी त्याला पळपुटा म्हटलं, तोंडावर. तो काठी उघडून पायऱ्या उतरला, एक पायरी चुकला.

शेटेला विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. माझ्या बोटांचं कौतुक करत होता."

२४ ऑक्टोबर

दिवाळीला पारस आला. बायको दीपा आणि सुकामेवा यांच्यासह. आईचे पाय मांडीवर घेऊन बसला होता, तळवे उजेडाकडं धरून. कसली मातृभक्ती, समोर मी असताना! मग म्हणतो, "मावशी, तुम्ही रोज येता तर आईचे पाय बघत जाल का? अक्का विसरते."

मी म्हटलं, "मी तिचे हात बघते. पायांचं तुझं चालू दे."

त्याचा चेहरा पडला. पडू दे. पाया पडून पियानो विकायची परवानगी मिळत नसते.

अक्कानं आज शेटेच्या उजव्या अंगठ्याला मलम लावलं. टपोरा फोड. निरांजनावर हात धरला तो धरलाच, म्हणे. मी अक्कालाच बोलले, निरांजन एवढं जवळ ठेवतं का कुणी?

६ नोव्हेंबर

आज भांडण. मी तिला सरळ विचारलं, की तुला वाजवायचं आहे का नाही? माझे गुडघे रोज तुझ्या पायऱ्या चढतात, ते काय हवा खायला?

तिनं पियानोच्या बाजूच्या लाकडावर कोपर टेकवलं. मग म्हणाली, "डावा हात सोपा करू का? उड्या नकोत. एका जागी धरून ठेवते."

"सिस्टरचा वॉल्ट्झ लंगडा करून वाजवणार?"

"मी आंधळी आहे, मगदूम."

"आंधळी तू रुमालाखाली रोज असायचीस."

हे वाक्य लागलं. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "ठीक आहे. सगळा वाजवते. तुझ्यासाठी."

माझ्यासाठी! मला काय करायचाय वॉल्ट्झ? मला फक्त अन्याय सहन होत नाही.

पण घरी येताना मी रिक्षा केली नाही. चालत आले. रुईकर कॉलनीपर्यंत डोक्यात एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आम्हा जैनांना सूर्य बुडायच्या आत जेवायचं असतं, तेही विसरले. आईच्या माघारी पहिल्यांदा.

२९ नोव्हेंबर

जमतंय! तिनं आज जवळजवळ सगळा वाजवला. डावा हात दोनतीनदा घसरला, पण कानानं ओळखून लगेच जागेवर आला. मी टाळ्या वाजवल्या. अक्का दारात उभी होती, ती म्हणाली, "बाई, घामानं भिजलाय की वो तुमी."

मात्र कोपर अजून लाकडाला. आज मी तिच्या आणि पियानोच्या मध्ये उशी धरून उभी राहिले. कोपर टेकायला काही नाही म्हटल्यावर पुन्हा सगळं विस्कटलं. म्हणजे बघा, वाईट सवय माणसाला किती खोल लागते.

१६ डिसेंबर

तिच्यासाठी काळे बंद बूट आणले. पियानो अनवाणी वाजवत नाहीत आणि चपलांतही नाहीत, हे सिस्टरचं. पेडल दाबताना पाय निसटता कामा नये. तिनं पाय आत घातले. "टोचतात का?" विचारलं. "नाही, छान आहेत." शेटेच्या मापाचा माझा अंदाज कधी चुकत नाही.

संमेलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं. लगेच जोडलेल्या हातांची रांग. एकीनं लिहिलं, 'देवाचं लाडकं लेकरू.' एकोणसत्तर वर्षांचं! मी उत्तर दिलं की ही बाई देवाची लाडकी नव्हे, सिस्टर बेनेडिक्टाची लाडकी, आणि ते मिळवणं जास्त अवघड होतं.

पारसला फोन करून सांगितलं, ये आणि बघ. तो म्हणाला, येतो. आणि विचारलं, "आई स्वतः तयार आहे ना, मावशी?" प्रश्न तरी काय विचारावेत माणसानं.

२१ डिसेंबर, सकाळ

लिहून काढायचं ठरवलंय. जसं झालं तसं.

शाळेचा पियानो बदललाय. आमच्या वेळचा उभा पियानो गेला, आता कुणीतरी देणगी दिलेला लांब, आडवा आहे. मला वाटलं, उत्तम, मोठा आवाज. शेटेला स्टुलावर बसवलं. तिनं डावं कोपर बाजूला नेलं, आणखी नेलं, आणि ते हवेतच राहिलं. तिथं टेकायला काही नव्हतं. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मला वाटलं, घाबरली. मी तिचे दोन्ही हात धरून जागेवर ठेवले, आणि कानात म्हटलं, "रुमाल आहे असं समज."

उजवा हात बरोबर निघाला. डावा पहिल्या उडीला एक पट्टी बाजूला पडला.

घरी ती थांबायची, कानानं ओळखून हात सरकवायची. इथं तिनं सरकवला आणि तो पलीकडं गेला. पुन्हा सरकवला. मग सोडून दिलं. उजवा हात जसा शाळेत होता तसा, एक सूर इकडचा तिकडं नाही, आणि त्याच्या खाली डावा प्रत्येक उडीला नव्या चुकीच्या जागी. सगळा वॉल्ट्झ. ती थांबली नाही. तिला सगळं ऐकू येत होतं. तिच्या तोंडाकडं बघत मी उभी होते.

संपलं. सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. स्टेजवरून खाली आणताना शेटेनं विचारलं, "उठलेत का सगळे?"

"हो."

"म्हणजे फारच वाईट वाजलं."

गाडीत पारस पुढं बसला होता. घरी येऊन अक्कानं तिचे बूट काढले आणि "अगं आई!" म्हणाली. मोजा लाल होता. बुटाच्या टोकात दुकानातली कागदाची गुंडाळी तशीच, आणि त्याखाली ओल शोषणारी ती खड्यांची पुडी. मी काढायची विसरले होते. पाय त्याच्यावर दाबून ती दुपारपासून बसली होती, चालली होती, पेडल मारत होती. टाच सोललेली, एक बोट काळंनिळं.

"शेटे, टोचलं नाही तुला?"

"काय?"

पारस गुडघ्यांवर बसला आणि पाय हातात घेतला. मला म्हणाला, "तिला पायात काही कळत नाही, मावशी. वर्ष झालं." मग आईकडं बघून, "हातांचं सांगितलं नव्हतंस."

तो डॉक्टरला फोन करायला बाहेर गेला. अक्का पाणी तापवायला गेली. मी शेटेशेजारी बसले. तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यावर त्या फोडाचा डाग होता. मी धरून बसले, घट्ट धरून बसले. तोंडातून शब्द निघेना. आयुष्यात असं मला कधी झालं नव्हतं.

बऱ्याच वेळानं शेटे समोर तोंड करून म्हणाली, "मगदूम? गेलीस का गं?"

२८ डिसेंबर

दवाखाना. पायाचं ते बोट काढावं लागलं. पारस मला एका शब्दानं बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

शेटेला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरशी भांडायला गेली असतीस."

"गेलेच असते."

"हरली असतीस गं. तू भांडत होतीस तोवर मलाही वाटायचं, की अजून काहीतरी मिळण्यासारखं असेल." मग म्हणाली, "कोपराला कळत होतं. तू ते काढायला लावत होतीस."

मी उठून खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर उसाची ट्रॉली अडकली होती आणि सगळे एकमेकांवर ओरडत होते. एरवी मी तिथूनच दोन शब्द सुनावले असते.

९ जानेवारी

पियानो गेला. एका हॉटेलच्या लॉबीत. वाजवायला नव्हे, त्यावर फुलदाणी ठेवणार आहेत. चार माणसांनी उचलला तेव्हा एक टिकली पायरीवर पडली. अक्कानं झाडून नेली.

जोतीरामचा फोन आला. संमेलनाचा व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचलाय. सगळीकडं फिरतोय म्हणे, 'प्रेरणादायी' असं लिहून. सिस्टरचा वॉल्ट्झ जगात आता तेवढाच उरलाय, चुकलेला.

मी म्हटलं, "तुम्हाला पळपुटा म्हटलं होतं मी."

"व्हय. तुमी लई जणांस्नी काय काय म्हणता, ऐकलंय मी." मग म्हणाला, "मावशी, उजवा हात उतरवून घेतला मी. डावा काय हुता?"

मी शेटेला विचारलं. ती म्हणाली, "ते हातांना माहीत होतं. मला कधीच नव्हतं."

मला तर नाहीच. माझ्यासमोर तिनं तो शंभरदा वाजवला असेल, पण सगळा रुमालाखाली.

११ जानेवारी

आज बंगळुरूला गेली. गाडी सकाळीच निघायची होती. अक्कानं तिला इरकल नेसवली होती, निऱ्यांना पिना लावून. दीपानं पायाखाली उशी ठेवली. मला वाटलं होतं, गाडीपाशी मी काहीतरी बोलेन. पारसला दोन गोष्टी सांगायच्या ठरवून ठेवल्या होत्या. चौदाव्या मजल्याबद्दलही काही सांगायचं होतं. एकही बोलले नाही.

घरातून गाडीपर्यंत मी तिला नेलं. सवयीनं हात पुढं केला, आणि मागं घेतला. कोपराच्या वर, दंडाला धरलं.

ती म्हणाली, "हां. आहेस."